बेतणीच्या कागदाचा समुद्रप्रवास

बुधवार, सकाळचे साडेदहा

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे जितकं वाकता आलं तितकाच, उरलेला मनातून). तुमचा डावा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? तुमच्याकडे हवा कशी आहे? आमच्याकडे साधारण तशीच आहे. पत्र म्हटलं की एवढं विचारावं लागतंच, पण खरं सांगायचं तर तुमची प्रकृती ठणठणीत आहे हे कळल्याशिवाय पुढचा मजकूर लिहायला माझा हात धजत नाही. तेव्हा आजची गोळी घेतली नसेल तर आधी घ्या, पाणी प्या, खुर्चीत नीट टेकून बसा आणि मग पुढे वाचा.

विषय तुमच्या तपकिरी कागदाचा आहे. तो सापडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. सासूबाईंचा तो बेतणीचा कागद, ज्यावरून त्यांनी चाळीस वर्षं कोट कापले आणि त्यांच्यामागे सहा वर्षं तुम्ही कापताय, तो पूर्ण सापडला आहे, एक कपटा हरवलेला नाही. फक्त 'सापडला' या शब्दाला थोडं स्पष्टीकरण लागेल आणि ते द्यायला मला तुम्हाला बोटीवर न्यावं लागेल. गायकवृंदाचे बारा कोट महिनाअखेर द्यायचे आहेत आणि आईच्या कागदाशिवाय तुम्ही कापडाला कात्री लावत नाही, हे मला माहीत आहे. रविवारी परत आल्यापासून मी सर्दीचं निमित्त करून तोंड लपवून बसले आहे ते त्यामुळेच. सर्दी नाही, वन्सं. नाक अगदी मोकळं आहे.

मुळात मला बोटीवर जायचंच नव्हतं. चौतीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाला निवृत्तीची भेट म्हणून पुन्हा पाणीच दाखवायचं, ही कल्पना आमच्या लेकीची. तिने भूमध्य समुद्रातल्या अकरा दिवसांच्या क्रूझची तिकिटं हातात ठेवली आणि ह्यांनी लगेच पांढरी टोपी आणली. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का हे बघायला मी दोनदा परत येते. समुद्राच्या मध्यावरून परत कसं यायचं? (ह्यांनी यावर, गॅसची तोटी काढून सोबत घेऊ, असं सुचवलं. मी ते मनावर घेतलं होतं, पण तोटी निघाली नाही.)

माझ्या याच स्वभावामुळे आपल्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या वर्षी गोळ्यांच्या जोडीला एखादा छंद लावून घ्या म्हणून सांगितलं, आणि मी औषधांच्या दुकानावरच्या त्या क्लासला जायला लागले. मिक्स्ड मीडिया आर्ट जर्नल असं त्याचं भारदस्त नाव आहे. आमचे हे त्याला चिकटवही म्हणतात. जाड पानांची एक वही घ्यायची, तिच्यात रंग फासायचे, त्यावर तिकिटं, लेबलं, पाकिटांचे तुकडे, दोरा, लेस, वाळलेली पानं, जे हाताला लागेल ते चिकटवायचं, पुन्हा रंग द्यायचा, शिक्के मारायचे, वर मनात येईल ते दोन ओळींत लिहायचं. चुकलं असं काही नसतंच, असं आमच्या बाई सांगतात. त्यांचा नियम एकच, घरातलं काहीही टाकू नका, सगळं चिकटवा. तुम्ही हसाल, पण मला याने खरंच बरं वाटायला लागलं. चिकटवलेली वस्तू जागची हलत नाही, हे मला फार आवडलं. आयुष्यात माझ्या बाकी कुठल्याच गोष्टीबद्दल मला तशी खात्री वाटलेली नाही. म्हणून मी डिंकसुद्धा हलका घेतला नाही. दुकानदाराने सांगितलं की याने चिकटवलेलं जन्मात सुटत नाही, आणि मी दोन बाटल्या घेतल्या.

आता कागद. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही आमच्या दोघांचे नवे कोट शिवून तयार ठेवलेत आणि हे ते आणायला गेले. तुम्ही आत फोनवर होतात. कोटांना सुरकुत्या पडू नयेत एवढी अक्कल ह्यांना त्याच दिवशी सुचायची होती, म्हणून टेबलावर पडलेला एक मोठा जुना तपकिरी कागद घेऊन त्यांनी दोन्ही कोट व्यवस्थित गुंडाळून आणले. (मी ह्यांना दोष देत नाही. फक्त कोणी काय केलं ते क्रमाने सांगते आहे.) आणि मी तो ओळखला कसा नाही, असं तुम्ही विचाराल. वन्सं, अठ्ठावीस वर्षांत मी तो कधी उलगडलेला पाहिलाच नव्हता. आईचा कागद म्हणजे खणातली एक गुंडाळी, एवढंच मला माहीत. तुमच्या शिवणाच्या खोलीत मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही, कारण तिथे पायात सुया जातात आणि सुई रक्तातून काळजापर्यंत पोचते असं मी कुठेतरी वाचलं आहे.

बोटीवर पहिल्याच दुपारी सगळ्यांना नारिंगी तरंगजाकिटं घालून रांगेत उभं केलं आणि बोट बुडाल्यास काय करायचं ते शिकवलं. बाकीचे लोक हसत होते, फोटो काढत होते. मी मात्र प्रत्येक शब्द लिहून घेतला, आणि सराव संपल्यावर सगळ्यांनी जाकिटं परत ठेवली तरी मी माझं काढलं नाही. जेवायलाही तशीच गेले. ह्यांनी माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसणं पसंत केलं. आमची खोली म्हणजे आपल्या न्हाणीघराला पलंग लावला तर जेवढी होईल तेवढी, एक गोल खिडकी आणि त्या खिडकीत सारखं पाणी. ते बघून माझा जीव असा कासावीस झाला की मी बॅग उपसून चिकटवही काढली, आणि तिच्याबरोबर तो कागदही बाहेर आला.

काय सांगू तुम्हाला, फार सुंदर कागद होता. जुना, मऊ पडलेला, घड्यांवर उजळलेला, आणि त्यावर पेन्सिलच्या लांब बाकदार रेघा, मध्येच आकडे, कुठे फुली, कुठे बाण. मला तर तो समुद्राचा नकाशाच वाटला. तीन दिवसांत मी त्याने अकरा पानं भरली. फाडताना छान आवाज यायचा. (वन्सं, पाण्याचा आणखी एक घोट घ्या.) काही तुकड्यांवर पांढरा लेप दिला, काहींवर निळा रंग ओढला, आणि रेघांची बाजू वर ठेवून, उलटी बाजू खाली, तो न सुटणारा डिंक काठोकाठ लावून चिकटवून टाकले. बोटीच्या सातव्या मजल्यावर रोज सकाळी छंदाचा वर्ग भरायचा. तिथल्या बाईंनी माझी वही हातात घेतली आणि सगळ्यांना गोळा करून दाखवली. माझं कौतुक करायला माणसं गोळा झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मी इतकी हुरळले की त्या दिवशी जाकीट काढून ठेवलं. त्या वर्गाची एक रीत होती, आपल्या वहीतलं एक पान दुसऱ्याला द्यायचं आणि त्याचं आपण घ्यायचं. मी आगबोटीचं एक पान दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांना दिलं, एक गळाभर मोती घालणाऱ्या एका बाईंना दिलं, आणि सगळ्यांत मोठं पान तिथल्या बाईंनी भोजनगृहाबाहेरच्या प्रदर्शनात काचेमागे लावलं.

चौथ्या दिवशी बोट एका बंदराला लागली, फोन सुरू झाला आणि तुमचा निरोप आला. 'आईचा कागद टेबलावर नाही. याने कोटांना गुंडाळून नेला का? जपून आहे ना?' मी तेव्हा एका पांढऱ्या भिंतीच्या, चढणीच्या गल्लीत उभी होते. सगळे लोक वरच्या पायरीवरून समुद्र बघत होते. फुली, बाण, बाकदार रेघा, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि मला कळलं की माझा निळा समुद्र म्हणजे कोटाची पाठ आहे, डॉक्टरांना दिलेली आगबोट ही बाही आहे आणि मोतीवाल्या बाईंकडे गळा गेला आहे. मी तुम्हाला उत्तर पाठवलं, 'आहे. जपून आहे. अगदी घट्ट.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पुढच्या तीन बंदरांत काय पाहिलं म्हणून मला विचारू नका. ह्यांच्या फोटोंत मी सगळीकडे जमिनीकडे बघते आहे.

ह्यांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे तुम्हाला फोन लावला असता, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि तुम्ही एकट्या घरात ते ऐकलं असतं. मी डिंकाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. त्यात लिहिलं होतं की फक्त वाफेने सुटेल तर सुटेल. खोलीतल्या किटलीने एक पान तासभर शेकलं, तर कोपरा तेवढा उचलला गेला आणि छताला लावलेला धुराचा भोंगा वाजायला लागला. दोन खलाशी धावत आले. त्यांना मी चहा करत होते म्हणून सांगितलं. वही किटलीच्या तोंडावर धरून कोण चहा करतं, हे त्यांनी विचारलं नाही, पण एकमेकांकडे पाहिलं. मग मला बोटीवरच्या बाष्पस्नानाची आठवण झाली.

तिथे बायका पंचे गुंडाळून वाफेत बसतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. मी वही पंच्यात पोटाशी धरून आत गेले आणि कोपऱ्यात बसले. वाफ एवढी होती की माझेच गुडघे मला दिसेनात. पंधरा मिनिटांत वही फुगून उशीएवढी झाली, शिक्क्यांची शाई माझ्या पोटावर उतरली (अजून पूर्ण गेलेली नाही), आणि मग एकेक तुकडा हळूहळू, साय उचलावी तसा, सुटायला लागला. मी ते पायांवर पसरत होते. एक लांब अरुंद पट्टी होती, कागदाच्या कडेची. ती सुटली तेव्हा उलटी झाली, आणि खालच्या बाजूला अक्षर दिसलं. सासूबाईंचं अक्षर, ते बुटकं, एकमेकांना चिकटलेलं.

घरातल्या सगळ्यांची मापं होती त्यावर. सासऱ्यांचं, ह्यांचं लहानपणापासूनचं, दर वर्षी खोडून नवं लिहिलेलं. आमच्या लेकीचं, मागाहून समासात कोंबलेलं. तुमच्या मापावर तर एवढी खाडाखोड आहे की आकडाच लागत नाही. आणि अगदी शेवटी माझं. छाती, खांदा, बाही, आणि त्यापुढे लिहिलं होतं: 'नवी सून. हिला सैल आवडतं. पुन्हा विचारू नये, लाजते. दोन बोटं जास्त ठेवावीत.'

वन्सं, मी अठ्ठावीस वर्षं मनात काय धरून बसले होते ते आज सांगते. सासूबाई माझ्याशी दिवसाकाठी चार वाक्यं बोलायच्या आणि त्यांनी शिवलेला प्रत्येक कोट मला ढगळ व्हायचा. त्यांच्यामागे तुम्ही शिवायला लागलात, तेही ढगळच. माझी अशी ठाम समजूत झाली होती की या घरातल्या दोन्ही बायका मला जाडी समजतात आणि तोंडाने बोलत नाहीत, कात्रीने बोलतात. दर वेळी मी तुमचा कोट हसून घालायचे आणि खोलीत जाऊन आरशासमोर रडायचे. आणि ही बाई माझ्यासाठी दोन बोटं जास्तीची लिहून गेली होती, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, आणि तुम्हीही ती वाचून निमूटपणे पाळत आलात. मी त्या वाफेत बसून हमसून हमसून रडले. शेजारच्या बाईला वाटलं मला वाफ सोसत नाही. तिने दार उघडून माणसं बोलावली आणि मला पंचा, वही आणि तुकड्यांसकट उचलून बाहेर आणलं.

मग मात्र मी हट्टाला पेटले. दातांच्या डॉक्टरांनी बाहीवर एक भली मोठी दाढ रंगवून ठेवली होती, मुळांसकट. ते पान परत द्यायला ते तयार होईनात. शेवटी माझं तिकिटांचं सगळ्यांत चांगलं पान देऊन मी बाही सोडवली. मोतीवाल्या बाईंनी गळ्याच्या बाकावर खोट्या मोत्यांची दुहेरी रांग चिकटवली होती (नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे गळ्यापेक्षा होता), आणि त्यांची अट होती की मी त्यांच्याशी तीन दुपारी पत्ते खेळावेत आणि हरावं. मला पत्ते येतच नाहीत, त्यामुळे दुसरी अट सोपी गेली. राहिली पाठ. ती काचेमागे होती. मी दोनदा काचेशी खटपट केली आणि दोन्ही वेळा हे टोपी घालून फोटो काढायला हजर. शेवटच्या दिवशी तिला पहिलं बक्षीस मिळालं. सगळ्यांसमोर काच उघडून, पाठीला निळी फीत लावून ते पान माझ्या हातात दिलं आणि रेषांची इतकी आत्मविश्वासाने केलेली मांडणी आम्ही पाहिली नव्हती असं परीक्षक म्हणाले. बक्षीस सासूबाईंचं होतं. मी फक्त डिंक लावला होता.

रविवारपासून मी दार लावून ते सगळं जोडते आहे. मागून पातळ मलमल लावली आहे, तुकड्याला तुकडा रेघ जुळवून बसवला आहे आणि माझा कोट उसवून प्रत्येक माप ताडून पाहिलं आहे. ती दोन बोटं सोडली तर सुताचा फरक नाही. बाहीवर दाढ आहे, गळ्याचे मोती काढताना कागद निघायला लागला म्हणून ते ठेवले आहेत, आणि पाठीवर समुद्र आहे, पण रेघा सगळ्या दिसतात. कोट कापता येतील. तुम्ही मला हवं ते बोला, पण बारा कोट कापा.

आपली नम्र, आणि यापुढे काहीही चिकटवण्यापूर्वी दोनदा उलटून बघणारी,
भावजय

ता. क. हे पत्र टपालात टाकलेलं नाही हे पाकीट बघून तुमच्या लक्षात आलंच असेल. गुंडाळीबरोबर तुमच्या दाराच्या कडीला अडकवते आहे. चौदा पायऱ्या चढून दार वाजवायला हवं होतं, तोंडाने सांगायला हवं होतं, हे मला कळतं. तीनदा सातव्या पायरीपर्यंत येऊन परत फिरले. सहा वर्षं डोक्यावर तुमच्या मशीनचा आवाज ऐकत मी स्वयंपाक करते आहे आणि कटकट म्हणून कुरकुरते आहे. रविवारपासून वरून काही आवाज नाही, आणि ते मला सोसत नाही.

ता. क. दुसरा. ह्यांना रागावू नका. गुंडाळीत सगळे तुकडे आहेत, फक्त मापांची पट्टी नाही. ती मी चिकटवहीत ठेवली आहे, अक्षराची बाजू वर करून. चिकटवलेली नाही, चार टाके घातले आहेत, मागाल तेव्हा उसवून देईन. पण मागू नका, एवढी विनंती आहे. तिच्यावरची बाकी सगळी मापं मी तुमच्यासाठी वेगळ्या कागदावर उतरवून दिली आहेत, तुमचं तेवढं लागत नाही म्हणून प्रश्नचिन्ह केलं आहे. माझ्या मापापुढचा मजकूर उतरवलेला नाही. तो तुम्हाला पाठ आहे.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून कागद फाडून टाका. मला सैल आवडत नाही. कधीच आवडत नव्हतं. त्या दिवशी सासूबाईंनी काखेतून टेप घेतली आणि मला गुदगुल्या झाल्या. नवी नवरी, सासूसमोर हसायचं कसं, म्हणून मी घाईघाईने 'सैलच बरं' म्हणून मोकळी झाले. पण आता माझा कोट तुम्ही परत शिवाल तेव्हा (मी उसवून ठेवला आहे, तो शिवावा लागेलच) माप बदलू नका. दोन बोटं जास्तच ठेवा.